बसचा तोटा, बाईचा बटवा

मार्च महिना आला की सगळीकडे हिशेबाची धांदल. बचत गटाची वही पूर्ण करायची असते, भिशीचं गणित जुळवायचं असतं, मुलांच्या पुढल्या वर्षाच्या फीची तजवीज करायची असते. सरकारी कचेऱ्यांत तर विचारूच नका. महापालिकेच्या बससेवेचाही असा वर्षाचा हिशेब निघतो. ताफ्यात बस किती, त्यातल्या रोज रस्त्यावर किती आल्या, किती किलोमीटर धावल्या, प्रवासी किती बसले, तिकिटाचे किती आले, डिझेलवर आणि पगारावर किती गेले. आणि सगळ्यात शेवटी तोटा. पेपरात ठळक छापून येतो तो बहुधा हा शेवटचाच आकडा. 'परिवहन तोट्यात' हे शीर्षक आपण इतकी वर्षं वाचतोय की ते वाचून पान उलटायची सवयच झाली आहे.

मैत्रिणींनो, आज मात्र पान उलटू नका. मला बोलायचंय ते करोनाच्या दोन वर्षांच्या हिशेबाबद्दल, म्हणजे २०२०-२१ आणि २०२१-२२. गावोगावच्या बससेवांच्या नावावर त्या दोन वर्षांत मोठा तोटा लिहिला गेला. त्यातला बराचसा भरला तो बायकांनी, स्वतःच्या बटव्यातून आणि स्वतःच्या पायांनी. त्याची पावती कुणी फाडली नाही, म्हणून तो कुठल्या अहवालात आला नाही. आणि जे अहवालात आलं नाही ते नंतरच्या निर्णयातही येत नाही. बंद पडलेल्या फेऱ्या परत का सुरू होत नाहीत, याचं अर्धं उत्तर इथंच आहे.

तारखा आपण विसरत चाललोय, म्हणून आधी त्या सांगते. २२ मार्च २०२०ला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी. सोलापुरात पहिला रुग्ण सापडला तो १२ एप्रिलला, पाच्छा पेठेत. आमच्या भवानी पेठेपासून ती काही लांब नाही. बघता बघता पूर्व भागातल्या गल्ल्यांना बांबू आणि पत्रे लागले. पुढं जुलैत बाकी ठिकाणी जरा मोकळीक मिळत होती, तेव्हा सोलापूर शहरात १६ ते २६ जुलै पुन्हा कडक टाळेबंदी झाली. त्या काळात बस बंद ठेवल्या यात कुणाची चूक काढायची नाही मला. आजारच तसा होता. माझा प्रश्न पुढचा आहे. दुकानं उघडली, कारखाने सुरू झाले, बायकांना कामावर बोलावणं आलं, तेव्हा त्या गेल्या कशानं?

भवानी पेठ ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. रूपाभवानीच्या देवळाचा हा भाग. इथं आणि पलीकडच्या पेठांत, पूर्व भागात, यंत्रमागाची खटखट आणि दारादारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायका. तेलुगू, कन्नड, मराठी अशा तिन्ही भाषा एका ओट्यावर बोलल्या जातात. इथं 'अक्का' म्हटलं की चार दारांतून चौघी बाहेर येतात. सोलापुरात विडीचं काम करणाऱ्या बायका हजारोंनी आहेत. विडी घरी वळतात हे खरं, पण ती पोचवायला आणि नवं पान-तंबाखू आणायला कारखान्याच्या ब्रँचला जावं लागतं. तिथं मोजणी होते, खराब विड्या बाजूला काढल्या जातात, मग पुढच्या दिवसाचा माल मिळतो. म्हणजे घरबसल्या काम म्हणतात त्या कामातही रोजची एक ये-जा आहेच. आणि जी बाई विडी वळत नाही ती गारमेंटच्या शिलाईला जाते, टॉवेलच्या कारखान्यात जाते, नाहीतर होटगी रोडच्या नाहीतर जुळे सोलापूरच्या बंगल्यांत धुण्याभांड्याला जाते. हे सगळं चालत पाच-दहा मिनिटांवर नसतं.

त्यात कुंभारीचा विषय वेगळाच. १ सप्टेंबर २००६ला तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहतीतल्या घरांचं वाटप झालं. नरसय्या आडम मास्तरांच्या लढ्यातून विडी कामगार बायकांना तिथं दहा हजार घरं मिळाली. पुढं त्याच भागात रे नगर झालं आणि जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिल्या गेल्या. स्वतःचं घर म्हणजे बाईच्या जन्माची मोठी गोष्ट, त्याचं मोल मी कमी करत नाही. पण ही वसाहत शहराच्या हद्दीबाहेर, दहाएक किलोमीटरवर. घर तिकडं आणि सिव्हिल हॉस्पिटल, कॉलेज, मंगळवार बाजार, माहेर इकडं. अशा ठिकाणी सिटी बस म्हणजे चैन नव्हे, घराचाच एक भाग आहे. नळ आणि मोरी जशी, तशी. बस बंद झाली की ते घर अर्धं बंद होतं.

मग त्या काळात बायकांनी काय केलं? आमच्या गल्लीतल्या एक मावशी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात कामाला होत्या. अत्यावश्यक सेवा म्हणून त्यांना ओळखपत्र मिळालं, पण ओळखपत्रावर बसून जाता येत नाही. सकाळी साडेपाचला निघून चालत जायच्या, अंधारात, कुत्र्यांना काठी दाखवत. मुलगा आठवड्यातून दोन दिवस गाडीवर सोडायचा, बाकी दिवस त्याचीही ड्युटी. दुसऱ्या एकीच्या सासऱ्यांना डायलिसिस होतं. ते काही टाळेबंदी बघून थांबत नाही, आठवड्याला दोनदा-तीनदा न्यावंच लागतं. रिक्षावाला म्हणेल तो दर. गारमेंटला जाणाऱ्या दोघी-तिघींनी मिळून एक रिक्षा महिन्यावर लावली आणि पगारातला एक भाग सरळ तिकडं वळता केला. आणि एका ताईनं हिशेब मांडून पाहिला तर रिक्षा आणि चहा जाऊन हातात इतकं थोडं उरत होतं की तिनं कामच सोडलं. घरच्यांना बरंच वाटलं. 'नाहीतरी आता घरी पोरांचे मोबाईलवरचे तास बघायला कुणीतरी पाहिजेच होतं की,' म्हणाले.

या चौघींचं काय झालं ते बससेवेच्या अहवालात कुठल्या रकान्यात लिहायचं? 'रद्द झालेले किलोमीटर' असा एक रकाना असतो. त्यात फक्त किलोमीटर असतात.

आता थोडं गणित. कंटाळू नका, चुलीवरचंच आहे. समजा एखादी बाई शेंगाचटणीचा धंदा करते. खोलीचं भाडं महिन्याला ३,००० रुपये. महिन्याला ३०० किलो चटणी गेली तर किलोमागे भाड्याचे १० रुपये पडतात. करोनात गिऱ्हाईक आटलं, ३० किलोच गेली. भाडं तर तेवढंच. आता किलोमागे १०० रुपये पडले. शेजारीण आली आणि म्हणाली, 'बाई गं, तुझ्या चटणीत किलोला शंभर रुपये भाड्यातच जातात, हा धंदाच तोट्याचा, बंद कर.' आपण काय म्हणू? म्हणू की चटणीला दोष देऊ नकोस, खोली तीच आहे, माल कमी कुटला म्हणून असं दिसतंय.

बसचं अगदी हेच आहे. डिझेल वाचतं बस उभी राहिली की, पण चालक-वाहकांचे पगार, वर्कशॉप, विमा, कर, डेपोचं वीजबिल चालूच. शिवाय उभी बस फुकट उभी राहत नाही. बॅटऱ्या उतरतात, टायर खराब होतात, रबराचे भाग कडक होतात. परत रस्त्यावर आणायची तर प्रत्येकीवर पैसे घालावे लागतात, आणि ते नसले की ती बस कोपऱ्यात जाते आणि तिचे भाग काढून दुसरीला लावले जातात. त्यात एका सीटवर एकच प्रवासी हा नियम. ५० टक्के प्रवासी घेऊन पूर्ण बसचं डिझेल जाळायचं. आणि डिझेल तरी कुठं जाग्यावर राहिलं? ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत ते लिटरला १०० रुपयांच्या वर गेलं. असं सगळं असताना 'दर किलोमीटरला एवढा खर्च आणि एवढंच उत्पन्न' असा आकडा काढला तर तो भीतिदायकच येणार. तो आकडा खोटा नसतो. पण तो आजाराच्या वर्षाचा आकडा आहे, बसच्या लायकीचा नाही. तरी तोच पुढं करून 'हा मार्ग परवडत नाही' असं म्हटलं जातं, फेऱ्या आणखी कमी होतात, किलोमीटर आणखी घटतात आणि पुढल्या वर्षी किलोमीटरमागचा तोटा आणखी वाढतो.

याच्या उलटीही एक गंमत आहे. करोनाच्या वर्षानंतरच्या हिशेबात प्रवासी 'वाढलेले' दिसतात. गेल्या वर्षीपेक्षा अमुक टक्के जास्त. ताप १०४वर गेलेला माणूस १०२वर आला की बरं वाटतं, पण तो बरा झालेला नसतो. तुलना करायचीच तर २०१९-२०शी करायला हवी. तेव्हा किती मार्ग होते, पहिली बस किती वाजता सुटायची, शेवटची किती वाजता यायची, आणि आज काय आहे.

सोलापूरच्या सिटी बसची दुखणी करोनाच्या आधीचीच आहेत, हेही सांगायला हवं. केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी योजनेतून नव्या बस आल्या तेव्हा शहरात केवढा आनंद झाला होता. त्यातल्या बऱ्याच बसच्या चेसिसला तडे गेले आणि त्या डेपोत उभ्या राहिल्या, प्रकरण वादात गेलं. कामगारांचे पगार थकले, त्यासाठी आंदोलनं झाली. २०११च्या जनगणनेनुसार साडेनऊ लाखांच्या या शहराला उरलेल्या बस आधीच अपुऱ्या होत्या. म्हणजे करोना आला तो अशक्त माणसाच्या घरी आला. पुण्या-मुंबईची बससेवा पडली तरी धडपडत उठली, तिथं उठवणारे हात होते. आमच्याकडच्या वाहकाला आपला पगार कधी होणार हेच माहीत नसेल तर त्यानं कुणाला 'अक्का, पुढं सरका' म्हणून हसून सांगायचं?

मोठ्या शहरांचं म्हटलं तर मुंबईचं उदाहरण घ्या. लोकल बंद झाल्या तेव्हा नर्स, सफाई कामगार, पालिकेचे कर्मचारी यांना ने-आण केली ती बेस्टनं. नंतर मदतीला एसटीच्या गाड्या आणि राज्यभरच्या डेपोंतले चालक-वाहक गेले. घरापासून शेकडो मैलांवर राहून त्यांनी मुंबईचे रस्ते शिकले, आजारीही पडले. बेस्ट आणि एसटी दोन्हीकडच्या कितीतरी कर्मचाऱ्यांचे त्या साथीत जीव गेले. त्या वर्षीच्या ताळेबंदात बेस्ट तोट्यातच दिसते. पण ती धावली नसती तर हॉस्पिटलं चालली असती का? हा फायदा कुणाच्या खात्यात जमा करायचा?

मुंबईचीच आणखी एक गोष्ट मला विसरता येत नाही. २१ ऑक्टोबर २०२०पासून सगळ्या बायकांना लोकलनं जायची परवानगी मिळाली. घटस्थापना होऊन चारच दिवस झाले होते, त्यामुळं स्त्रीशक्तीचा गौरव वगैरे झाला. वेळ काय दिली? सकाळी ११ ते दुपारी ३, आणि मग संध्याकाळी ७ नंतर. आता मला सांगा, सकाळी अकरानंतर कामाला निघून तीनच्या आत घरी पोचणारी नोकरी कुठं मिळते? मिळाली तर माझ्या भाचीसाठी पत्ता द्या. गर्दी टाळायची होती हे समजतं. पण त्या वेळा ठरवताना बाईचा दिवस कसा असतो हे कुणी डोळ्यांसमोर आणलं असेल, असं काही वाटत नाही.

बाईचा दिवस कसा असतो? पुरुष बहुतेक वेळा घर ते काम आणि काम ते घर जातो, आणि आता तर बहुतेकांच्या बुडाखाली गाडी असते. बाई निघते ती आधी पोराला शाळेत सोडते, तिथून ब्रँचला, तिथून रेशन दुकान, येताना भाजी, मधेच सासूबाईंच्या गोळ्या. लहान लहान चार तुकडे. बसला पास असला तर ठीक, नाहीतर प्रत्येक तुकड्याला वेगळं तिकीट. आणि शेअर रिक्षात तर प्रत्येक तुकड्याला वेगळा दर. समजा बसपेक्षा रिक्षाला दिवसाला २० रुपये जास्त जातात. महिन्याचे २५ दिवस धरले तर ५०० रुपये झाले, वर्षाचे ६,०००. विडी वळणाऱ्या बाईला ६,००० रुपये म्हणजे काय, ते तिलाच विचारा. घरात गाडी एक असेल तर ती कोण नेतो, हे मी सांगायची गरज नाही.

शहराबाहेरच्या मैत्रिणींची गोष्ट एसटीची. २२ मे २०२०ला जिल्ह्यातल्या जिल्ह्यात एसटी सुरू झाली, तीही रेड झोन सोडून आणि निम्म्या प्रवाशांत. २० ऑगस्टपासून जिल्ह्याबाहेर, आणि १८ सप्टेंबरपासून पूर्ण आसनांवर प्रवासी घ्यायची मुभा मिळाली. वाटलं, चला सुटलो. दुसरी लाट आली आणि पुन्हा सगळं थांबलं. शेवटी ४ ऑक्टोबर २०२१ला दीड वर्षानं शाळा उघडल्या, आणि त्याच महिन्याच्या शेवटी एसटीचा संप सुरू झाला. तो एप्रिल २०२२पर्यंत रेंगाळला. कामगारांचे हाल मी नाकारत नाही. तुटपुंजा आणि उशिरा होणारा पगार, त्यातून आलेली कर्जं, काहींनी तर जीव दिले. पण खेड्यातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो, त्या पासचं त्या सहा महिन्यांत काय झालं असेल? पास होता, एसटी नव्हती. मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शी, कुठल्याही तालुक्याच्या गावी विचारा. मुलगे कुणाच्या तरी मोटारसायकलवर ट्रिपल सीट जाऊन शाळा गाठत होते. मुलीला कुणाच्या गाडीवर बसवायचं, हा प्रश्न आला की घरात एकमत होतं: राहू दे या वर्षी. आणि 'या वर्षी'चं पुढं काय होतं ते आपण सगळ्या जाणतो. त्या हिवाळ्यात लग्नाचा हॉल मिळत नव्हता, आठवतंय का?

आता कुणी म्हणेल, महापालिकेकडे पैसे नाहीत, बस कुठून चालवणार? खरंय. पण पैसे नाहीत म्हणून रस्त्यावरचे दिवे कुणी कायमचे विझवत नाही. सोलापुरात वर्षानुवर्षं नळाला चार-चार दिवसांनी पाणी आलेलं आहे, त्यावर मोर्चे निघाले, निवडणुका लढवल्या गेल्या. पाणीपुरवठा तोट्यात आहे, तो बंद करा, असं मात्र कुणी म्हणाल्याचं मी ऐकलं नाही. हा फरक कायद्यातच आहे. १९४९च्या महापालिका कायद्यात पाणी, दिवाबत्ती, सफाई ही बंधनकारक कामं आहेत. बससेवा येते ऐच्छिक कामांत. म्हणजे जमलं तर करा. पुण्यात पीएमपीची तूट पुणे महापालिका ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के अशी वाटून भरतात, वाद घालतात पण भरतात. जिथं तूट भरणं ही जबाबदारी मानली जाते तिथं बस टिकते. जिथं ते दान मानलं जातं तिथं दरवर्षी हात पसरावा लागतो.

सवलतींबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. १७ मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि एसटी बायकांनी भरून वाहू लागली. माहेरी जायला कारण लागेना! छान झालं. तमिळनाडूनं मे २०२१ मध्ये, म्हणजे ऐन साथीत, साध्या शहर बस बायकांना मोफत केल्या. तिथल्या राज्य नियोजन आयोगाच्या पाहणीत बायकांचे महिन्याला सरासरी आठशेच्या वर रुपये वाचत असल्याचं दिसलं. दिल्लीत २०१९पासून आणि कर्नाटकात जून २०२३पासून मोफत प्रवास सुरू झाला. आमच्या गल्लीतल्या कानडी मावश्या विजापूरकडच्या पाहुण्यांना याच गोष्टीवरून चिडवतात. पण एसटीची सवलत महापालिकेच्या सिटी बसला आपोआप लागू होत नाही. आणि समजा उद्या सिटी बसही फुकट केली, तरी जी बस येतच नाही तिचं तिकीट शून्य असलं काय नि दहा रुपये असलं काय. आधी बस, मग सवलत. एका तिकिटाच्या घोषणेपेक्षा मला सकाळी सहाची खात्रीची बस जास्त मोलाची वाटते, मग तिला पूर्ण पैसे पडले तरी चालतील. माझं हे म्हणणं काही मैत्रिणींना पटत नाही, त्यांना दोन्ही पाहिजे. त्यांचंही चूक नाही.

हे आता लिहायचं कारणही सांगते. केंद्र सरकारनं १६ ऑगस्ट २०२३ला पीएम ई-बस सेवा योजना मंजूर केली, देशभरात १० हजार विजेवरच्या बस. त्यात सोलापूरच्या वाट्याला १०० बस मंजूर झाल्या. या योजनेत बस खासगी ठेकेदाराच्या, त्याला किलोमीटरप्रमाणे पैसे, आणि त्यासाठी केंद्राची दहा वर्षं मदत. म्हणजे बस रिकामी धावली तरी ठेकेदाराचं मीटर पडणार. मग ती कुठून कुठं आणि किती वाजता धावावी हे कोण ठरवणार? ते महापालिकेच्या हातात राहतं. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर कितीतरी काळ प्रशासकांचा कारभार होता. वॉर्डातल्या बाईनं बस थांबा मागायचा तर कुणाच्या दारात उभं राहायचं, हेच तेव्हा कळत नव्हतं. वेळापत्रक एकदा कागदावर बसलं की त्यात बदल करायला पुन्हा वर्षं जातात. तेव्हा नव्या बसचे रंग आणि एसी बघून हरखून जायच्या आधी वेळापत्रक बघा. त्यात विडीच्या ब्रँचा आहेत का, गारमेंट सुटायची वेळ आहे का, कुंभारीहून सिव्हिलला बाह्यरुग्ण विभाग उघडायच्या आत पोचवणारी बस आहे का. थांब्यावर दिवा आहे का, हेही बघा. रेल्वे स्टेशन ते विमानतळ अशी झकपक सेवा पुढं कधी निघाली तर निघू दे, आमची हरकत नाही. पण त्या मार्गावरच्या थांब्यावर मला विड्यांची पिशवी घेतलेली बाई काही दिसत नाही.

आमच्या भवानी पेठेतल्या दोन बचत गटांनी मिळून एक काम करायचं ठरवलंय, तुमच्या गावातही करता येईल. माहितीचा अधिकार कायदा २००५पासून आहे. अर्ज साध्या कागदावर, मराठीत चालतो. वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तोही लागत नाही, कार्डाची प्रत जोडायची. आम्ही विचारतोय ते एवढंच: २०१९-२० मध्ये कोणकोणते मार्ग चालू होते आणि आज कोणते आहेत, प्रत्येक मार्गावर पहिली आणि शेवटची बस किती वाजता, २०२०-२१ आणि २०२१-२२ मध्ये बंद केलेल्या फेऱ्यांपैकी कोणत्या परत सुरू झाल्या, आणि ज्या झाल्या नाहीत त्या बंद ठेवायचा निर्णय कुठल्या तारखेला, कुणाच्या सहीनं झाला. अर्ज महापालिका परिवहनच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे द्यायचा आणि आपल्याकडच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरायचं नाही. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर त्याच कार्यालयात पहिलं अपील करता येतं, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प लागतो.